‘सर्वो दुसऱ्याच दिवशी जळाला’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. ट्रेल ट्रक, म्हणजे रिमोटवर चालणारी, दगड चढणारी छोटी गाडी, बांधायची कार्यशाळा चार तासांची सांगितली आणि साडेसहा तास लागले, याबद्दल मनापासून माफी मागतो. धाकटी शेवटी खुर्चीतच झोपून गेली, ते बघून आम्हालाही वाईट वाटलं. गाडी दुरुस्तीला आणलीत तेव्हा आमच्याकडच्या मुलाने मुलांदेखत ‘तुम्हीच नॉब फिरवलाय’ असं म्हणायला नको होतं. त्याला मी त्याच दिवशी समज दिली आहे.

पण ‘हलका माल लावून देतात, सर्वो दुसऱ्याच दिवशी जळाला’ हे तुमचं वाक्य मनाला फार लागलं. दुकान छोटं आहे. शनिवार-रविवारच्या कार्यशाळांवर त्याचं भाडं निघतं, आणि तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दोन कुटुंबांनी नोंदणी रद्द केली आहे. म्हणून सर्वोचं, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या छोट्या यंत्राचं, नेमकं काय झालं ते सविस्तर लिहितो. तुमच्यासाठी, आणि हे वाचून यायचं की नाही ते ठरवणाऱ्यांसाठीही.

तुमच्या गाडीला २५ किलोचा, धातूच्या गिअरचा सर्वो आहे. २५ किलो म्हणजे शाफ्टपासून १ सेंटिमीटर अंतरावर तो २५ किलोचा जोर लावू शकतो. १/१० मापाच्या, तीन किलोच्या आसपासच्या गाडीला तो पुरून उरतो. तुम्ही गाडी ठेवून गेल्यावर आम्ही त्याचे चार लांब स्क्रू काढून तो पूर्ण उघडला. गिअरचा एकही दात तुटलेला नव्हता, ग्रीस जागेवर होतं, पाणी शिरल्याची खूण नव्हती. आतल्या छोट्या मोटरचं वाइंडिंग मात्र काळं पडलं होतं आणि झाकण निघताच जळक्या वार्निशचा वास आला. उंचावरून आपटून किंवा दगडाचा दणका बसून सर्वो जातो, तेव्हा बहुधा आधी गिअरचे दात जातात. गिअर शाबूत आणि मोटर जळालेली, याचा अर्थ सर्वो अडकलेल्या अवस्थेत जोर लावत राहिला.

पुढची चाकं दोन्ही बाजूंना ठरावीक कोनापर्यंतच वळतात. त्यानंतर नकल, म्हणजे चाक धरून वळणारा भाग, ॲक्सलच्या टोकाच्या स्थिर सी-हबला टेकतो. सर्वोला हे कळत नाही. समजा रिमोटने त्याला ४५ अंश फिरायला सांगितलं आणि चाक अडल्यामुळे तो ३८ वरच थांबला, तर उरलेल्या ७ अंशांसाठी तो पूर्ण ताकदीने ढकलत राहतो. अशा वेळी तो सलग २-३ अँपिअर ओढतो, आणि मोटर फिरतच नसल्याने त्या सगळ्याची उष्णता होते. बारीक ‘घूं’ असा आवाज येत राहतो. तुम्हीच लिहिलंय की ‘गाडी सारखी गुणगुणत होती’. सर, तो हाच आवाज. तो ऐकू आला की स्टीअरिंग लगेच सोडायचं, नाहीतर काही मिनिटांत सर्वो संपतो.

हे टाळायला रिमोटवर स्टीअरिंगचा कोन मर्यादित करणारा नॉब असतो, त्याच्याशेजारी ‘एसटी डीआर’ लिहिलेलं असतं. तो आम्ही अंदाजाने लावत नाही. गाडीचा पुढचा भाग स्टँडवर उचलायचा, रिमोटचं चाक पूर्ण डावीकडे धरायचं आणि नॉब हळूहळू वाढवत न्यायचा. ‘घूं’ सुरू झालं की मागे घ्यायचा, आवाज थांबेपर्यंत, आणि नकल व सी-हबमध्ये कागद सरकेल एवढी फट राहील असा. मग हेच उजवीकडे. दोन्हींत जी बाजू आधी टेकते, तिच्या मापावर नॉब ठेवायचा, कारण या रिमोटवर दोन्ही बाजू एकाच नॉबने बदलतात. तुमच्या गाडीचं हे माप ७० टक्क्यांवर आलं. तिथे पांढऱ्या मार्करने खूण केली, वर सेलोटेप लावली.

गाडी परत आली तेव्हा टेप नव्हती आणि नॉब १०० वर होता. दोन्ही नकलवर, सी-हबला टेकतात त्या ठिकाणी, नखाएवढा चपटा चकचकीत डाग पडला आहे. नव्या प्लास्टिकला तिथे चमक नसते, आणि कार्यशाळेच्या दिवशी काढलेल्या फोटोत तो डाग नाही. यात मी तुमच्या मुलाला दोष देत नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती नॉब आला की तो फिरवून बघणार, त्याने बघावंच. पण मग माल हलका होता असं म्हणू नका.

‘हॉर्न तिरका बसवला’ असंही तुम्ही लिहिलंय. हॉर्न म्हणजे सर्वोच्या शाफ्टवर बसणारा छोटा दांडा. सर्वोच्या शाफ्टला २५ दात असतात, म्हणजे एका दाताला १४.४ अंश. हॉर्न अगदी काटकोनात बसेलच असं नाही, जास्तीत जास्त अर्ध्या दाताचा, ७ अंशांचा फरक राहतो आणि तो रिमोटवरच्या सब-ट्रिमने, म्हणजे मध्य जुळवायच्या सेटिंगने, काढायचा असतो. तुमच्या मुलाने तो स्वतः काढला होता, आधी रिमोट चालू, मग गाडी चालू, सर्वो मध्यावर आल्यावरच हॉर्न, या क्रमाने. त्या दिवशीच्या मुलांमध्ये त्याचं काम सगळ्यांत नेटकं होतं. ईएससीतून, म्हणजे गाडीच्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधून, सर्वोला जाणारं व्होल्टेजही मीटरवर मोजलं, ६.० भरलं. ते ठीक आहे.

३५ किलोचा सर्वो द्यायला हवा होता, या सूचनेबद्दलही सांगतो. मोठा सर्वो अडकला तर आणखी जास्त करंट ओढतो, आणि या ईएससीची बीईसी, म्हणजे सर्वो आणि रिसीव्हरला वीज देणारा भाग, ३ अँपिअरची आहे. व्होल्टेज पडलं की रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि ऐन उतारावर गाडी ऐकेनाशी होते. त्यापेक्षा टेकडीवर चालवताना एक सवय मुलांना लावा. चाक दोन दगडांच्या फटीत अडकलं की स्टीअरिंग सरळ सोडायचं, गाडी वीतभर मागे घ्यायची आणि मगच वळवायचं.

आता वेळेबद्दल. चार तास हा आमचा अंदाज चुकला, ते मान्य. टायर चाकाला दाबून धरणाऱ्या बीडलॉक रिंगांना एका चाकामागे १२ बारीक स्क्रू, चार चाकांचे ४८, आणि ते आलटून-पालटून समोरासमोरचे आवळले नाहीत तर टायर एका बाजूला सुटतो. लहान हातांना त्याला दीड तास लागतो. शॉकमध्ये, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळ्यांमध्ये, तेल भरल्यावर दांडा हळू वर-खाली करून बुडबुडे निघेपर्यंत थांबावंच लागतं. घाई केली तर चार शॉक चार तऱ्हेचे होतात. पण पाऊण तास मागच्या ॲक्सलवर गेला, तो तुम्ही आणलेल्या ड्रिलमुळे, हेही नमूद करतो. प्लास्टिकमध्ये एम-३ स्क्रू हातानेच लावा, आधी उलटा फिरवून तो जुन्या आट्यात टक्कन बसला की मग आवळा, असं सुरुवातीलाच सांगितलं होतं. ड्रिलने तीन भोकांचे आटे गेले. तिथे १० मिलिमीटरऐवजी १२ चे स्क्रू टाकून काम भागवलं, त्याचे पैसे लावलेले नाहीत.

बॅटरी आणि चार्जर वेगळे पडतात, हे नोंदणीच्या मेसेजमध्ये होतं. गाडी हळू चालते कारण ती दगड चढण्यासाठी आहे. ३५ टर्नची, म्हणजे कमी वेगाची मोटर आणि दोन्ही ॲक्सल लॉक, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्रच फिरतं, तिच्याकडून पळण्याची अपेक्षा नाही. तुमच्या दोन सेलच्या लायपो बॅटरीबद्दल मात्र एक गोष्ट लगेच बघा, कारण गाडी आली तेव्हा ईएससीचा जंपर, म्हणजे बॅटरीचा प्रकार ठरवणारा छोटा तुकडा, निकेल बॅटरीच्या खुणेवर सरकलेला होता. आम्ही तो परत लायपोवर लावला आहे. तो चुकीचा राहिला तर बॅटरी किती उतरली हे ईएससीला कळत नाही आणि ती फुगते. दर सेल ३.२ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, आठवडाभर वापरायची नसेल तर ३.८ वर ठेवा, ५००० एमएएचला ५ अँपिअरच्या वर चार्ज नको, आणि चार्जिंग मोठ्यांनीच करायचं.

यापुढे चाकं आधीच जोडून ठेवण्याचा विचार आहे, वेळेचंही काहीतरी बघतो, आणि नॉबला टेपपेक्षा पक्कं काही करता येईल का ते पाहतोय.

सर्वो बदलून ठेवला आहे. वॉरंटीत बसत नाही, तरी तुमच्याकडून पैसे घेणार नाही. शनिवारी ११ ते ७ कधीही या, मुलांना घेऊन आलात तर नॉब त्यांच्याच हाताने लावून घेऊ. रिमोट सोबत आणा, त्याच्याशिवाय कोन लावता येत नाही.