चाक हद्दीच्या बाहेर

बेळगावात मारुतीची जुनी जिप्सी बाळगणाऱ्या माणसाला घरात किंमत नसते, उद्यमबागेतल्या कारखान्यांत मात्र फार असते. घरचे म्हणतात, मोडीत घाला. लेथवाले म्हणतात, घालू नका, हिला अजून बरंच काही करता येतं. या ‘बरंच काही’मधलं दिसायला सगळ्यात साधं आणि डोकं सगळ्यात जास्त खाणारं प्रकरण म्हणजे व्हील स्पेसर.

हब, म्हणजे ॲक्सलच्या टोकाचा चाक बसवायचा गोल, आणि रिम यांच्यामध्ये बसणारी ही ॲल्युमिनियमची जाड चकती. ती घातली की चाक तेवढं बाहेर सरकतं. माझ्या गाडीला ३० एमएमच्या आहेत, म्हणजे दोन्ही बाजू धरून गाडी ६० एमएम रुंद झाली. हा खटाटोप कशासाठी? जिप्सीला रुंद टायर चढवले की स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या स्प्रिंगच्या पाट्यांना घासतो. कणकुंबीकडच्या जांभ्या दगडातून गाडी उतरवताना ऐन वळणावर तो ‘खर्र’ आवाज आला की शेजारी बसलेला माणूस आधी आपल्याकडे आणि मग दाराच्या कडीकडे बघतो. स्पेसर बसले आणि तो आवाज गेला. एवढ्या एका सुखासाठी मी त्यांचे बाकीचे सगळे नखरे सहन करतो.

दुसरा फायदा स्थिरतेचा. गाडी मुळातच अरुंद आणि उंच. खुद्द मारुतीनं १९९३ साली जिप्सीच्या दोन चाकांमधलं अंतर ९० एमएमनं वाढवलं होतं, तेव्हा आपली मागणी काही जगावेगळी नाही. फक्त कंपनीनं ॲक्सलच लांब केला आणि आपण मध्ये चकती सारली. आमचा चंदगडचा मावसभाऊ छातीठोकपणे सांगतो, “आता ही उलटूच शकत नाही बघ.” मी हिशोब केला. दोन चाकांमधलं अंतर १३०० एमएम, त्याचं निम्मं ६५०, त्यात ३० ची भर. म्हणजे पाच टक्केसुद्धा नाही. तेवढ्या भरवशावर जो आडव्या चढावर गाडी घालील, त्याच्या शेजारी मी बसणार नाही. मावसभावाच्या शेजारी तर नाहीच.

आता तोट्यांकडे वळू. टायर मडगार्डच्या हद्दीबाहेर जातो. हद्द म्हणजे काय हे बेळगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको, १९५६ पासून आम्ही त्याच धड्यावर आहोत. पण आमचा वाद निदान सुप्रीम कोर्टात तरी आहे, खानापूरचा तांबडा चिखल कोर्टबिर्ट मानत नाही. जो चिखल पूर्वी मडगार्डच्या पोटात अडायचा, तो आता दारावर, आरशावर आणि काच उघडी असेल तर थेट आत येतो. आषाढात एका बारशाला जाताना शहापूरची आत्या मागच्या आडव्या सीटवर बसली होती. तिच्या नव्या इरकलीच्या काठावर पहिला शिंतोडा पडला तेव्हा ती गप्प राहिली. दुसरा पडला तेव्हा पुढं वाकून म्हणाली, “गाडी चालवूलास की रोप लावूलास रे?”

स्टिअरिंगचंही तसंच. माझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. चाक बाहेर सरकलं की त्याची तरफ लांबते आणि खड्डा टायरला न लागता थेट मनगटाला लागतो. चोर्ला घाटाच्या रस्त्यावर अंगठा स्टिअरिंगच्या आत अडकवून चालवायची सवय मी सोडली, कारण हिसका बसला की अंगठ्याची खैर नसते. व्हील बेअरिंगवरचा ताण वाढतो तो वेगळाच. पण एक गोष्ट स्पेसरच्या बाजूनं सांगायलाच हवी. बाहेर काढलेल्या ऑफसेटचे, म्हणजे घडणीतच चाक बाहेर आणणारे, झोकदार रिम घालणारे लोक आमच्या चकतीला नाकं मुरडतात, पण चाक तेवढंच बाहेर आलं असेल तर बेअरिंगला दोन्ही सारखंच. त्याला फॅशन कळत नाही.

उद्यमबागेत हात काळे करण्यात आयुष्य घालवलेल्या एका टर्नरमामांनी मला या विषयाची दीक्षा दिली. बाजारातला एक स्वस्त स्पेसर त्यांनी हातात घेतला, नखानं टकटक वाजवला आणि खाली ठेवला. “कास्टिंग आहे. आत ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, असलं तर बाहेरून कळणार नाही. कळेल तेव्हा चाक तुमच्या पुढं पळत असेल.” चकती बिलेटमधून, म्हणजे धातूच्या अखंड ठोकळ्यातून, कापलेली किंवा फोर्ज केलेली, म्हणजे दाबून घडवलेली, हवी. तिचं मधलं भोक हबच्या १०८ एमएमच्या गोलावर नेमकं बसायला हवं, नाहीतर वेग घेतला की स्टिअरिंग थरथरतं. आणि फार पातळ स्पेसर घेतला तर हबचे मूळ स्टड, म्हणजे नट ज्यांवर आवळतात ते आटे पाडलेले खुंट, त्यातून बाहेर डोकावतात, रिम सपाट टेकत नाही. मग कुणीतरी ग्राइंडर घेऊन स्टड छाटायला निघतो. “त्या माणसाला चहा पाजा आणि घरी पाठवा,” इति मामा.

कायद्याचं काय, हे विचारू नये असं वाटत असलं तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. विमावाल्यांच्या हातातही आयतं निमित्त मिळतं. पुढं ज्यानं त्यानं ठरवावं.

खरा जाच मात्र नटांचा. हबच्या पाच स्टडवर पाच नटांनी स्पेसर आवळायचा, मग स्पेसरच्या पाच स्टडवर पाच नटांनी चाक. आतले पाच चाकाआड लपलेले, म्हणजे ते तपासायचे तर चाक उतरवणं आलं. बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनं सगळे पुन्हा टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरवलेला जोर झाला की ‘टक्’ वाजणाऱ्या पान्यानं, बघायचे, तेही थ्रेडला ऑइल न लावता, कारण ऑइल लावलं की रेंच ‘टक्’ म्हणतो तेव्हा नट गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो. लग्नाला निघालेली मंडळी नटूनथटून फाटकात उभी आणि मी डोकं खाली घालून ‘टक्’ ऐकतोय, हे दृश्य आमच्या गल्लीला आता पाठ आहे. बायको हल्ली मुहूर्ताची वेळ मला तासभर अलीकडची सांगते.

आणि मग जांबोटीच्या पुढं पंक्चर झालं. मी पंक्चरवाल्याला चाक दाखवलं आणि समोर चहाला गेलो. त्यानं पाच नट काढले, चाक उतरवलं, तर आत आणखी पाच नट. हातात पाना असलेल्या माणसाला नट दिसला तर तो काय करणार? त्यानं तेही काढले. मी परत आलो तोवर पंक्चर निघालं होतं, सगळं जागच्या जागी बसलं होतं आणि तो पान्यावर उभा राहून शेवटच्या नटावर अंगाचा भार देत होता. आतले कसे आवळलेस, विचारलं. “असेच की ओ,” तो पान्यावरून न उतरताच म्हणाला.

मी टॉर्क रेंच काढला आणि त्याला सगळं पुन्हा खोलायला लावलं. काम झाल्यावर त्यानं चार चाकांचे पैसे मागितले. पंक्चर एक, चाक एक, मग पैसे चारांचे कसे? त्यानं बोटांवर हिशोब मांडला: दहा नट दोनदा म्हणजे वीस, आणि पाच नटांचं एक चाक. मी मनातल्या मनात मोजून बघितलं आणि मुकाट्यानं पाकीट काढलं.