आधी काटा रुतवा, मग सवलत द्या

नागपुरात परदेशी डिजिटल कंपनी आणायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर आधी मुहूर्त बघा. सामंजस्य करार जानेवारीत, दावोसच्या बर्फात. त्याचं पुढे काय झालं, हा प्रश्न डिसेंबरात हिवाळी अधिवेशनात. मधे अकरा महिने मिळतात, आणि आपलं अधिवेशन किती दिवसांत आटोपतं हे राजेहो, तुम्हाला सांगायला नको. असा करार सहसा बंधनकारक नसतो. तसं आतल्या एखाद्या कलमात लिहिलेलंही असतं, पण फोटोत कलम येत नाही, आकडा येतो. तो कोटींत लिहा, डॉलरमध्ये बारका दिसतो.

मग सवलत. नवशिके इथे तिजोरीत हात घालतात. काही गरज नाही! आधी आपणच काटा रुतवायचा, मग आपणच काढायचा. काढला की झाली सवलत. 2012 मध्ये एंजेल टॅक्स आणला : स्टार्टअपच्या शेअरला ‘वाजवी’पेक्षा जास्त भाव मिळाला, तर वरची रक्कम उत्पन्न धरायची. 2023 च्या अर्थसंकल्पात परदेशी गुंतवणूकदारही त्यात ओढले आणि 2024 च्या जुलैत अख्खा कर रद्द केल्याबद्दल बाकं वाजवून घेतली. परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर 2016 पासून 6 टक्के लेव्ही, म्हणजे वेगळा कर, 2020 पासून ई-कॉमर्सवर आणखी 2 टक्के. दोन टक्के 2024 च्या ऑगस्टात उठले, सहा टक्के 2025 च्या एप्रिलात. 2012 चा पूर्वलक्षी कर, म्हणजे होऊन गेलेल्या व्यवहारांवर मागून बसवलेला, काढायला नऊ वर्षं लागली. काटा जितका खोल, तितकी सवलत मोठी.

नागपुरातल्या मिहानच्या सेझमध्ये हे जवळून बघता येतं. सेझ म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र : जमीन भारतातच, पण कागदोपत्री कस्टमच्या हद्दीबाहेर. आयटी युनिटला निर्यातीच्या नफ्यावर पहिली 5 वर्षं 100 टक्के आयकर माफ, पुढची 5 वर्षं 50 टक्के, असं सांगून लोकांना आत घ्यायचं. 2011 च्या अर्थसंकल्पात त्याच युनिटांवर मॅट, म्हणजे माफी असली तरी भरावा लागणारा किमान कर, बसवायचा. 31 मार्च 2020 पर्यंत मंजुरीपत्र हाती नसेल, तर नव्या युनिटला ती माफीही नाही. उरलं काय? कुंपण, गेट आणि कस्टमचे शिक्के. देशभर सेझच्या इमारती रिकाम्या दिसू लागल्या, तेव्हा 2023 च्या डिसेंबरात एकेक मजला सेझमधून बाहेर काढायची सोय निघाली. तिसरा मजला कस्टमच्या हद्दीबाहेर, चौथा भारतात. जिना आणि लिफ्ट दोघांच्या वापरात असतील, तर त्यांच्यावर घेतलेली करसवलत विकासकाने परत भरायची. लिफ्ट कुठल्या देशात थांबते, हा प्रश्न मात्र तुम्ही काढू नका.

आणि पैसे खरोखरच आले तर? घाबरू नका, पुढचं बँक बघून घेते. पैसे आल्यापासून 60 दिवसांत शेअर वाटायचे, वाटल्यापासून 30 दिवसांत एफसी-जीपीआर, म्हणजे परदेशी माणसाला शेअर दिल्याचं रिझर्व्ह बँकेला कळवणारा फॉर्म, भरायचा, सोबत मूल्यांकनाचा दाखला आणि परदेशी बँकेकडून आलेली केवायसी. गाडी हमखास अडते ती नावावर. शेअर मूळ कंपनीच्या नावे, पैसे तिच्या सिंगापूरच्या बहिणीकडून. मग खुलाशाचं पत्र, त्यावर शेरा, शेऱ्यावर पुन्हा पत्र. तोवर 30 दिवस उलटतात आणि विलंब शुल्क लागतं : 7,500 रुपये, अधिक रकमेच्या 0.025 टक्के गुणिले उशिराची वर्षं. मालकांत कोणी आपल्या सीमेला लागून असलेल्या देशाचा निघाला, तर 2020 च्या प्रेस नोट 3 या केंद्राच्या नियमामुळे फाइल मंजुरीसाठी थेट दिल्लीला जाऊ शकते. दोष तुमच्याकडे येत नाही.

माहितीपत्रकावर झिरो माइलचा दगड छापा, ‘देशाच्या मध्यभागी’ असं लिहा. इंटरनेटच्या समुद्राखालच्या केबल मुंबई-चेन्नईला वर येतात आणि तिथून नागपूर आठशे-हजार किलोमीटर आहे, हे पाहुण्याला त्याचा इंजिनिअर सांगेलच. डेटा सेंटरची जागा दाखवायची ती संत्र्यांच्या दिवसांत. मेमध्ये पारा 45 च्या वर गेला की सेंटर गार ठेवणाऱ्या एअर-कूल्ड चिलरची क्षमता घटते आणि विजेचं बिल वाढतं. कोरड्या उन्हात पाण्याचा कूलर झकास चालतो, हे नागपूरकराला कोणी शिकवायला नको. पण त्याला पाणी लागतं आणि टँकर नेमके तेव्हाच वस्त्यांमध्ये गुंतलेले असतात. एवढं करूनही कोणी मेमध्येच येतो म्हणाला, तर रस्त्याचं काम चालू आहे म्हणा आणि पुढच्या जानेवारीत दावोसला भेटायचं ठरवून टाका.