गाडी चालू आहे की बंद?

पीयूसीच्या टपरीसमोर हायब्रिड गाडी, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, उभी केली की पहिला संवाद ठरलेला.

"चालू करा गाडी."

"चालूच आहे."

"आवाज कुठंय?"

"नाही येणार."

मग तो पोरगा बॉनेटला कान लावतो, सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो आणि संगणकाकडे बघतो. पडद्यावर शून्याला शून्य. बीएस-4 (प्रदूषणाचं सरकारी मानक) आणि नंतरच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएम एवढी मुभा आहे. इथे नळीत येतेय ती नुसती टपरीचीच हवा. प्रदूषण नियंत्रणात असल्याचा दाखला हवा तर आधी थोडं प्रदूषण करून दाखवावं लागतं, हे हायब्रिडवाल्याला इथे कळतं.

इंजिन जबरदस्तीने चालू ठेवायची सोय आहे, फक्त ती गुप्त विद्येसारखी आहे. टोयोटा पद्धतीच्या बऱ्याच हायब्रिड गाड्यांत मेंटेनन्स मोड असतो. ब्रेकवर पाय न ठेवता स्टार्टचं बटण दोनदा दाबा, म्हणजे दिवे लागतात पण गाडी 'रेडी' होत नाही. गिअर 'पी'त (पार्क) ठेवून ॲक्सिलरेटर दोनदा तळापर्यंत. ब्रेक दाबून 'एन'मध्ये (न्यूट्रल) घ्या, पुन्हा दोनदा. परत 'पी', परत दोनदा. मग ब्रेक दाबून स्टार्ट. हे सगळं एका मिनिटाच्या आत जमलं तर इंजिन सुरू होतं आणि सुरूच राहतं. काम झालं की गाडी बंद करून पुन्हा चालू करायची. या मोडमध्ये रस्त्यावर न्यायची नाही, गिअरबॉक्सची वाट लागते. मागे रांगेतले रिक्षावाले हा पदन्यास बघत असतात, त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नाही. एवढं जमणार नसेल तर काचा खाली करून एसी फुल सोडा आणि बॅटरीच्या पट्ट्या उतरायची वाट बघा. दोनावर आल्या की इंजिन आपणहून जागं होतं. सकाळी थंड गाडी नेली तर इंजिन लगेच मिळतं हे खरं, पण तेव्हा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापलेला नसतो आणि आकडे खराब येतात.

हायब्रिडचं सगळं दुखणं एवढंच आहे. इंजिन कधी चालू आणि कधी बंद, हे गाडी ठरवते. आपल्याला विचारत नाही आणि सांगतही नाही.

बाजारात 'हायब्रिड' या एकाच पाटीखाली दोन वेगळे प्रकार विकले जातात. माइल्ड हायब्रिडमध्ये इंजिनाच्या पट्ट्याला (बेल्टला) जोडलेला छोटा मोटर-जनरेटर असतो. तो सिग्नलला इंजिन बंद-चालू करतो, निघताना जरासा हात लावतो, पण स्वतःच्या ताकदीवर गाडी हलवत नाही. 2015 च्या मारुती सियाझपासून हा प्रकार आपल्याकडे फोफावला, त्याला सरकारी अनुदानही होतं, ते एप्रिल 2017 मध्ये काढून घेतलं. पेट्रोल खरंच वाचवणारा प्रकार म्हणजे स्ट्राँग हायब्रिड: ग्रँड व्हिटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस, होंडा सिटी. पैकी पहिल्या दोघींत तीन सिलिंडरचं दीड लिटरचं इंजिन, दोन मोटर आणि 0.76 युनिटची बॅटरी असते. युनिट म्हणजे महावितरणच्या बिलातलंच युनिट. म्हणजे एवढ्या थाटाच्या बॅटरीत जास्तीत जास्त दहाएक रुपयांची वीज मावते. क्लच नाही, स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, सीव्हीटी ऑटोमॅटिकमधला पट्टाही नाही. एका ग्रहमालेच्या गिअरमध्ये मधल्या चाकाला पहिली मोटर, फिरत्या चाकांच्या चौकटीला इंजिन आणि बाहेरच्या कड्याला दुसरी मोटर व गाडीची चाकं. पहिली मोटर इंजिनाला सेल मारते आणि वीजही बनवते, दुसरी गाडी ओढते आणि ब्रेक लावला की वीज परत गोळा करते. या बाबतीत जपान्यांना दंडवत घालावा. 1997 च्या डिसेंबरात पहिली प्रियस विकायला आली तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे.

"चार्जिंग कुठे करता?" हा प्रश्न सोसायटीत अजून संपलेला नाही. कुठेच नाही. सॉकेटच नसतं. नंबरप्लेट पांढरी, हिरवी नव्हे. जीएसटीसुद्धा 22 सप्टेंबर 2025 पासून या आकाराच्या हायब्रिडला 40 टक्के आणि इलेक्ट्रिकला 5. उत्तर प्रदेशाने 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, तेव्हा इकडच्या ग्राहकांनी लखनौच्या मेव्हण्याचा पत्ता शोधल्याचं ऐकिवात आहे.

आता रोजची गंमत. सकाळी बॅटरी भरलेली आहे, मंडई दोन किलोमीटरवर आहे, तेव्हा विजेवर फुकटात जाऊन येऊ असा हिशेब कुणीही करेल. गाडी करत नाही. तिला आधी इंजिन आणि कन्व्हर्टर तापवायचा असतो, कारण कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांना पोचल्याशिवाय धूर साफ करत नाही. गाडी गरम होते तोवर मंडई येते, मेथीची जुडी घेऊन परतेपर्यंत ती कोमट झालेली असते. ॲव्हरेज बारा-तेरा. कागदावर 27.97 छापलेलं असतं. शेजारी नेमका याच दिवशी "किती देते?" विचारतो.

ॲव्हरेज मिळतं ते भर ट्रॅफिकमध्ये. बाकीचे पेट्रोल जाळत कण्हत असतात तेव्हा ही गाडी वीस-तीसच्या वेगाने विजेवर सरकते, ब्रेकला वीज परत घेते, आणि शहरात 21-22 चा आकडा दिसतो. मोकळ्या एक्सप्रेस-वेवर शंभरने हाणली की ब्रेक लागतच नाही, मग परत घ्यायचं काय? तिथे 17-18. जगातली ही एकच गाडी असावी जिचा मालक चक्का जाम बघून खूश होतो. मे महिन्यात मात्र तेही सुख अर्धवट: विजेवरचा एसी तासाला एक युनिट सहज खातो, वापरता येण्यासारखी वीज बॅटरीत तिसरा हिस्सा, म्हणजे उभ्या गाडीत पंधरा-वीस मिनिटांनी इंजिन घुरघुरलंच. एसी 18 वरून 25 वर आणला की हा खेळ लक्षात येण्याइतका कमी होतो. पण गाडीत चारजण असले की 25 ला एकमत होत नाही.

उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचं ही आपल्याकडची वडिलोपार्जित विद्या. हायब्रिडमध्ये ती शुद्ध नुकसान आहे. 'एन'मध्ये बॅटरी चार्ज होतच नाही. सिग्नललाही 'डी'तच ठेवून ब्रेकवर पाय ठेवायचा. न्यूट्रलचा एकच सदुपयोग मी सांगेन: नेहमीचं ब्रेकिंग मोटरच करत असल्यामुळे पावसाळ्यात डिस्क गंजतात आणि सकाळी खरखरतात. आठवड्यातून एकदा रिकाम्या, सपाट रस्त्यावर चाळिसच्या वेगात 'एन' करून नीट ब्रेक लावला की पॅड डिस्कला घासतात आणि गंज निघतो. बाकी पॅड मात्र इतके टिकतात की सर्व्हिस सेंटरवाले हिरमुसतात.

घाटात मात्र खरी करमणूक. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना उंची सुमारे साडेपाचशे मीटरने कमी होते. माणसं-सामान धरून गाडी 1600 किलोची असेल तर या उतारात जवळजवळ 2.4 युनिट ऊर्जा मोकळी होते. हवा, टायर आणि मोटर यांत निम्मी गेली तरी सव्वा युनिट उरतं. ठेवायचं कुठे? 0.76 च्या बॅटरीत, जी गाडी आयुष्य जपण्यासाठी कधी काठोकाठ भरू देत नाही. धबधब्याखाली फुलपात्र धरण्याचाच प्रकार. दोन-चार वळणांत बॅटरी भरते, आणि मग गाडी जास्तीची वीज खपवायला इंजिन नुसतंच गरगर फिरवते. पेट्रोलचा थेंब जात नसतो, पण आवाज असा की मागच्या सीटवरून "गाडी उतारावर का रेझ करतोस?" असा जाब येतो. घाबरायचं कारण नाही. उलट लिव्हर आधीच 'बी'वर घ्यायचा, म्हणजे इंजिनाचा ब्रेक मिळतो आणि डिस्क तापत नाहीत. घाटमाथ्यावर पोचताना बॅटरी रिकामी असेल असं जमलं तर थोडं जास्त पदरात पडतं, पण ते जमवायच्या नादात मागच्या एसटीवाल्याच्या शिव्याही पदरात पडतात.

पावसाळ्यात इंजिनाची ही मनमानी महागात जाते. तुंबलेल्या सबवेत गाडी विजेवर गुपचूप शिरते, चालकाला वाटतं इंजिन बंद आहे तर पाणी ओढणार कोण? नेमकं मध्यावर बॅटरी उतरते, इंजिन सुरू होतं, हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नारिंगी वायरींच्या शॉकला सगळे घाबरतात, पण त्या सीलबंद असतात आणि गळती जाणवली तर यंत्रणा इशाऱ्याचा दिवा लावते. घाबरायचं ते या रॉडला. विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घ्याच, आणि बंपरपर्यंत पाणी असेल तर परत फिरा.

"बॅटरी गेली की किती लाखांचा खड्डा?" हा दुसरा आवडता प्रश्न. मोठ्या बॅटरीला बहुतेकांची 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी असते. तिला मारतो तो कोंडलेला वारा. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटच्या खाली किंवा बाजूला एक जाळी दिसते, ती स्पीकरची नव्हे, बॅटरीच्या थंड हवेची. तिच्यावर चादर, पिशव्या, कुत्रा काहीही टेकवायचं नाही. आतल्या फिल्टरमध्ये काय सापडतं ते सर्व्हिसला समोर उभं राहून बघा. चिवड्यातली कढीपत्त्याची पानं तिथपर्यंत जातात. बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या इन्व्हर्टरच्या कूलंटची टाकीही वेगळी असते. रस्त्यावरचा मेकॅनिक इंजिनाची बघतो आणि "ओक्के" म्हणतो.

पण दगा देणारी असते ती साधी 12 व्होल्टची धाकटी बॅटरी. गाडीचे संगणक तिच्यावर जागे होतात. गाडी महिनाभर उभी राहिली की ती उतरते, आणि मग पाठीमागे शेकडो व्होल्ट असूनही गाडी 'रेडी' होत नाही. शेजारी आनंदाने धावत येतात, बाह्या सरसावून धक्का मारायला. त्यांना थांबवा. धक्का स्टार्ट या गाडीला नाहीच. काही गाड्यांत ही बॅटरी डिकीत असते आणि डिकी उघडायला वीज लागते. म्हणून बॉनेटखाली लाल टोपणाखाली जंप केबलसाठी टोक दिलेलं असतं. दार उघडायला रिमोटच्या पोटातली लोखंडी किल्ली. गावाला जाणार असाल तर आठवड्यातून एकदा कुणीतरी ब्रेक दाबून, 'रेडी' दिसेपर्यंत थांबून, अर्धा-पाऊण तास गाडी तशीच ठेवावी, आणि तीही बंद गॅरेजमध्ये नाही, कारण इंजिन मध्येच सुरू होणार. ब्रेक न दाबता नुसतं बटण दाबून गाणी ऐकली तर धाकटी आणखी उतरते. वॉचमनला हे शिकवणं पीयूसीवाल्याला शिकवण्याइतकंच अवघड.

पैशाचं गणित सोपं आहे. साध्या ऑटोमॅटिकपेक्षा दोन लाख जास्त मोजले, पेट्रोल 104 रुपये, साधी गाडी 14 आणि ही 22 धरा. किलोमीटरमागे दोन रुपये सत्तर पैसे वाचतात, म्हणजे दोन लाख वसूल व्हायला 74 हजार किलोमीटर. महिन्याला हजार चालवणाऱ्याचे सहा-सव्वासहा वर्षांत पैसे फिटतात, आणि दरमहा 26 लिटर पेट्रोल, म्हणजे साधारण 60 किलो कार्बन डायऑक्साइड कमी जातो. महिन्याला चारशे चालवणाऱ्याला मात्र 15 वर्षं 5 महिने लागतात. गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते.

तेव्हा ठाण्याहून अंधेरीला किंवा कोथरूडहून हिंजवडीला रोज रखडणाऱ्याने बिनदिक्कत घ्यावी. नाशिक-पुणे हायवेवरच आयुष्य जाणाऱ्याने दोनदा विचार करावा. आणि रविवारची मंडई नि गणपतीला कोकण एवढाच ज्याचा प्रवास, त्याने साधी पेट्रोल गाडी घ्यावी आणि मंडईला चालत जावं.