तेहेतीस वजा सात, भागिले दोन

कॉन्सर्टच्या ज्या आवाजासाठी तिकीट काढायचं, तोच आवाज अडवायला पुन्हा पैसे मोजून कानात घालायचे बोळे घ्यायचे, हा व्यवहार मला घरात कुणालाच पटवून देता आला नाही. आईचं म्हणणं सरळ होतं, "मग मागे उभा राहा." बाबांचं त्याहून सरळ, "मग जाऊच नकोस." दोघांचंही बरोबर असल्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी खरेदीला लागलो.

आधी हिशेब. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालेल, असं अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी संस्था सांगते. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, असं उतरत उतरत १०० डेसिबलला हातात उरतात पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी जी वरची मर्यादा सुचवली, तीही १०० डेसिबलचीच, पंधरा मिनिटांच्या सरासरीनं. म्हणजे अगदी शिस्तीतल्या कार्यक्रमातसुद्धा "चेक, चेक, वन, टू" ऐकण्यातच माझा दिवसाचा शिधा संपायचा. शिवाय आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी एका कानात जेमतेम पंधरा-सोळा हजार, आणि एकदा मेल्या की परत येत नाहीत. माणसाच्या. कोंबडीच्या येतात. ज्या प्राण्याला कॉन्सर्टची काडीचीही आवड नाही, त्यालाच ही सोय का मिळावी, याचा राग मला अजून आहे.

बोळ्यांच्या पाकिटावर सगळ्यात ठळक असतो तो एक आकडा. एनआरआर ३३, म्हणजे बोळा किती डेसिबल आवाज अडवतो त्याचं माप. युरोपातल्या पाकिटांवर एसएनआर नावाचा दुसराच आकडा, म्हणजे दोन पाकिटांची तुलना करायची सोय नाही. पण ३३ हा प्रयोगशाळेतला आकडा. तिथे उजेड असतो, शांतता असते आणि कुणाचं कोपर आपल्या बरगडीत नसतं. त्यामुळे अमेरिकेचं कामगार-सुरक्षा खातं सावध हिशेब सांगतं: आकड्यातून सात वजा करा आणि उरेल त्याचं अर्धं धरा. तेरा! इतकी घासाघीस तर मी कधी कपडे घेतानाही केली नव्हती.

फोमचे बोळे स्वस्त आणि मस्त, फक्त घालता आले पाहिजेत. आधी बोटांत फिरवून बारीक सुरळी करायची, सुरकुती पडू द्यायची नाही. मग डावा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन उजवा कान वर आणि मागे ओढायचा, सुरळी आत सारायची आणि ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं दाबून धरायची. गेटवरच्या रांगेत हे केलं की गृहपाठ न करता आलेल्या मुलासारखं दिसतं, इतकंच की कान धरणारेही आपणच. बसले की मात्र नीट बसतात. इतके नीट, की झांजा गायब, शब्द गायब आणि मागे राहतो नुसता बास. कारण फोम उंच सूर जास्त खातो, खालचे कमी. वर कान बंद असल्यामुळे आपलाच आवाज डोक्यात घुमतो. गायिकेबरोबर गुणगुणायला जावं, तर तिच्यापेक्षा आपणच जास्त ऐकू येतो. तिकीट काढून स्वतःचं गाणं ऐकण्याची माझी हौस नाही.

यावर उतारा आहे. एटिमोटिक कंपनीनं १९८८ मध्ये ईआर-१५ नावाचे बोळे काढले. ते सगळे सूर साधारण सारखेच, पंधरा डेसिबलनं उतरवतात, म्हणजे गाणं तेच राहतं, फक्त हळू होतं. त्यासाठी कानाचा साचा घ्यावा लागतो. तोही अनुभव घ्यायला मी ऑडिओलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी आधी दोरा बांधलेला छोटा फोम आत बसवला आणि मग पिचकारीनं गार सिलिकॉन भरलं.

"आता हलू नका. कसं वाटतंय?"

"काय?"

"काही नाही. बरोबर बसलंय."

साच्यांवरून कळलं की माझा डावा कान उजव्यापेक्षा अरुंद आहे. डाव्या बाजूचा फोम सारखा का निसटायचा, याचा उलगडा तेव्हा झाला.

माझा एक मित्र मात्र ३३ वाल्यांवर ठाम आहे. "जास्त आकडा म्हणजे जास्त सेफ, अरे." आणि प्रत्येक आवडत्या गाण्याला तो बोळे काढतो, "खरा साउंड" ऐकायला. त्याची निम्मी गाणी आवडती आहेत. आता हिशेब असा, की तीस डेसिबल अडवणारा बोळा निम्मा वेळ खिशात राहिला, तर संपूर्ण कार्यक्रमाचं मिळून संरक्षण पडतं तीन डेसिबल. तीस नव्हे, तीन, कारण निम्मा वेळ म्हणजे तीनच डेसिबलचा फरक, हा वरचाच नियम. मी त्याला हे ओरडून सांगितलं. त्यानं बोळे काढून विचारलं, "काय म्हणालास?"

साच्याचे बोळे तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून तोवर मी एकामागे एक तीन छत्र्यांसारख्या कडा असलेले सिलिकॉनचे, बऱ्यापैकी सगळे सूर राखणारे घेतले. लहान माप, दोरीसकट, कारण अंधारात पडलेला बोळा सापडत नाही आणि सापडला तरी कानात घालवत नाही. दोरी मानेवरून खाली लोंबते. परवा पुढच्या रांगेत, ढोल ऐन भरात असताना, शेजारच्या मुलीनं दोरीकडे बोट दाखवून विचारलं, "कुठलं गाणं ऐकताय?"

मी स्टेजकडे हात केला. "हेच!"

तिनं मान डोलावली आणि हळूच एक पाऊल पलीकडे सरकली.