मागाची खिडकी वेगळी, घड्याळाची वेगळी

‘इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतली मोठ्या खिडक्यांची घरं रेशमी फिती विणणाऱ्यांची, घड्याळांचा वारसा तुम्ही त्यांना उगाच चिकटवलात,’ हा माझ्या लेखावरचा तुमचा आक्षेप निम्मा बरोबर आहे. फितींचे कारखानदार कॅश बंधू यांनी १८५७ मध्ये किंगफील्डला बांधलेली रांग विणकरांचीच. खाली दोन मजले राहायला, वर माग, आणि ते चालवायला वाफेचं इंजिन. १०० घरं योजली होती, ४८ झाली. नक्षी विणायचं जॅकार्डचं यंत्र मागाच्या डोक्यावर बसतं, म्हणून तिथं छत उंच आणि खिडकीही उंच.

पण कॉव्हेंट्रीतल्याच चॅपलफील्ड्समधल्या क्रेव्हन स्ट्रीटवरची घरं मागच्या अंगानं बघा. १८४० च्या दशकात वसू लागलेली ही वस्ती घड्याळवाल्यांची. ‘टॉपशॉप’, म्हणजे घराच्या वरच्या मजल्यावरची कामाची खोली, हा शब्द दोन्हीकडे चालतो, गोंधळ तिथंच होतो. घड्याळाच्या कामाला रुंद खिडकी लागते, कारण तिच्याखाली लांब बाक असतो आणि त्यावर माणसं ओळीनं बसतात. धनुकलीनं फिरवायच्या छोट्या लेथला ना उंच छत लागतं, ना इंजिन. बॅलन्सच्या, म्हणजे घड्याळातल्या झुलत्या चाकाच्या, दांड्याचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं. त्याला पॉलिश करताना उजेड कमी पडला तर ते वाकतं किंवा तुटतं.

शिवाय एक घड्याळ एका घरात बनतच नसे. कच्ची यंत्रं लँकेशरातल्या प्रेस्कॉटहून येत, फ्यूजी नावाच्या भागाच्या बारीक साखळ्या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या क्राइस्टचर्चला बनत. पुढं कुणी खडे बसवी, कुणी चाकांची गती टिकटिकीत अडवून सोडणारी एस्केपमेंट, कुणी केस. म्हणून या घरांचं एकमेकांजवळ असणंही त्या धंद्याचाच भाग.

फ्यूजी म्हणजे चढत्या खाचेचा शंकू. घड्याळ चालवणारी कमान (स्प्रिंग) पूर्ण भरलेली असताना साखळी अरुंद टोकावर ओढते, कमान सैल होईल तशी रुंद बाजूवर, त्यामुळे जोर सारखा राहतो. जुळवताना फ्यूजीच्या चौकोनी टोकाला सरकत्या वजनाची दांडी लावून फेरा-फेरा तोल बघायचा. शेवटच्या फेऱ्यांत जोर कमी भरला तर बॅरलमधली (कमानीच्या डबीतली) कमान आधीच थोडी जास्त ताणून ठेवायची. तरीही जोर मधेच चढला-उतरला, तर कमान त्या खाचेला जुळत नाही, दुसरी घालायची.

हीच निगुती पुढं महागात पडली. अमेरिकी कारखान्यांच्या घड्याळांत फ्यूजीही नव्हती आणि साखळीही. सुटे भाग यंत्रावर कापलेले. इंग्लिश कारागिरांनी फ्यूजी फार उशिरा सोडली, असं माझं ठाम मत आहे. विणकर मात्र त्याआधीच कोसळले होते, ब्रिटन आणि फ्रान्समधल्या १८६० च्या कॉब्डन व्यापार करारानं फ्रेंच रेशमावरची जकात उठली तेव्हा.

किंगफील्डचा उल्लेख लेखातून काढला आहे. क्रेव्हन स्ट्रीटचा राहील.