रूमीची रुबाई आणि नीत्शेची ‘चोरी’

‘हेगेल-नीत्शेंनी जाडजूड ग्रंथांत जे मांडलं, ते रूमी आणि हाफीज शेकडो वर्षं आधीच दोन ओळींत सांगून गेले.’ हा मेसेज या महिन्यात मला तीन ग्रुपांवर आला. (हेगेल आणि नीत्शे हे जर्मन तत्त्वज्ञ, रूमी आणि हाफीज हे मध्ययुगीन फारसी कवी.) सोबत पुरावेही होते.

पहिला पुरावा रूमीच्या नावाने फिरणारी ती ओळ: बरोबर आणि चूक यांच्या पलीकडे एक मैदान आहे, तिथे भेटू. नीत्शेच्या १८८६ च्या पुस्तकाचं नावच ‘चांगल्यावाइटाच्या पलीकडे’. झालं, चोरी पकडली! पण मूळ रुबाई, म्हणजे चार ओळींची फारसी कविता, काढून बघा: ‘अज कुफ्र-ओ-ज इस्लाम बिरूं सहराईस्त’. कुफ्र (अश्रद्धा) आणि इस्लाम यांच्या पलीकडे एक वाळवंट आहे. बरोबर-चूक कुठे नाही, भेटीचं आमंत्रणही नाही. तिथे पोचलेला आरिफ, म्हणजे आत्मज्ञानी साधक, डोकं टेकवतो. मग कुफ्र, इस्लाम, जागा, काहीच उरत नाही. आपण फॉरवर्ड करतो ती ओळ कोलमन बार्क्स या अमेरिकी कवीची, आणि त्याला फारसी येत नव्हती. (माधव जूलियनांनी फारसी कवी उमर खय्याम थेट फारसीतून मराठीत आणला होता. आपण इंग्रजीवरून रूमी सांगतोय.) रूमीचा आरिफ विरघळून जातो. नीत्शेला नेमकं तेच नको होतं. त्याचा माणूस स्वतःची मूल्यं स्वतः घडवणारा.

नीत्शेच्या दुसऱ्या एका पुस्तकाचा नायक झरथुष्ट्र, म्हणजे पारशी धर्माचा संस्थापक. ‘झरथुष्ट्र इराणीच ना?’ हो, पण तो रूमीच्या कित्येक शतकं आधीचा. नीत्शेने त्याला का निवडलं हेही स्वतःच सांगून ठेवलंय: ‘नीती’ नावाची चूक ज्याने प्रथम केली, त्यानेच ती प्रथम ओळखावी. याला उसनवारी कसं म्हणायचं?

हेगेलने रूमी वाचला होता, हे मात्र खरं. र्‍युकर्ट या जर्मन कवीच्या अनुवादातल्या ओळी त्याने आपल्या ग्रंथात कौतुकाने उतरवल्या. पण कलाविचार मांडताना ही कविता त्याने ‘प्रतीकात्मक’ कलेत, म्हणजे अगदी खालच्या पायरीवर बसवली. मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत असतं तर हेगेलचं नाव त्याने गाळलं असतं.

फारसीचं खरं ऋण दाखवायचंच असेल तर शोपेनहॉवर या जर्मन तत्त्वज्ञाकडे जा. पण तिथे कविता नाही, गद्य आहे. शाहजहानचा मुलगा दारा शुकोह याने १६५७ मध्ये उपनिषदं फारसीत करवून घेतली. त्यावरून आँकेतिल-द्युपेराँ या फ्रेंच अभ्यासकाने लॅटिन अनुवाद केला, तो १८०१-०२ मध्ये छापला गेला, आणि शोपेनहॉवर त्यालाच आपल्या जगण्याचा आणि मरणाचा दिलासा म्हणत असे.