गर्भनिरोधक म्हणजे गर्भ पाडणारं औषध नव्हे

माहेरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा तोच मजकूर आला. "गर्भनिरोधक म्हणजे पोटातल्या जिवाला मारणारं औषध. एकदा घेतलं की पिशवी कायमची निकामी होते. तांबी काळजापर्यंत चढते. हे पाश्चात्त्यांचं खूळ आपल्या घरात नको. सर्व भगिनींना पाठवा." खाली हात जोडलेल्यांची रांग. नुकतंच लग्न झालेली माझी भाची त्या ग्रुपवर आहे. तिने हे वाचून गप्प बसू नये, म्हणून एकेक वाक्य धरून उत्तर देते.

"पोटातल्या जिवाला मारणारं औषध." आधी शब्दच फोडून बघा. निरोध म्हणजे अडवणं, पात म्हणजे पडणं. दिवस राहूच नयेत म्हणून जे करतात ते गर्भनिरोधन आणि राहिलेला गर्भ काढणं म्हणजे गर्भपात. 1968 साली सरकारने स्वस्त कंडोम बाजारात आणला, त्याला 'निरोध' नाव दिलं ते याच अर्थाने. रोजच्या गोळ्या आणि 'अंतरा' नावाचं इंजेक्शन मुख्यतः स्त्रीबीज बाहेर पडू देत नाहीत. कंडोम शुक्राणूंना आत जाऊ देत नाही. पिशवीत बसवायच्या तांबीतलं (कॉपर-टी) तांबं शुक्राणूंना निकामी करतं, नसबंदी त्यांची वाट बंद करते. ही साधनं वापरायची ती दिवस गेलेले नसताना.

कायदाही हा फरक मानतो. 1971 च्या गर्भपात कायद्यात साधन वापरूनही दिवस गेले, तर ते गर्भपातासाठी मान्य कारण धरलं आहे. पूर्वी त्यात 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' असे शब्द होते, 2021 च्या दुरुस्तीने तिथे 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आलं. दोन्ही गोष्टी एकच असत्या, तर साधन फसलं म्हणून गर्भपाताची परवानगी देण्याला काय अर्थ उरला असता?

घोळ होतो तो मेडिकलच्या काउंटरवर. तिथे दोन वेगळ्या वस्तू मिळतात आणि लोक दोन्हींना 'ती गोळी' म्हणतात. एक 72 तासांची. तिच्यात लेव्होनॉर्जेस्ट्रेल असतं. संबंध आल्यावर जितक्या लवकर घ्यावी तितका उपयोग जास्त, कारण ती बीज बाहेर पडणं लांबवते. बीज आधीच बाहेर पडलं असेल, तर तिचा फारसा उपयोग होत नाही. दिवस राहिलेले असतील तर ती गर्भ पाडत नाही आणि त्याला इजाही करत नाही. दुसरी वस्तू म्हणजे गर्भपाताच्या गोळ्या, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या. गर्भ पिशवीत आहे की नळीत, किती आठवड्यांचा आहे, हे बघितल्याशिवाय त्या घेणं जिवावर बेतू शकतं.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीची पाळी चुकली. दहा दिवसांनी तिने 72 तासांची गोळी घेतली आणि आता पाळी येईल म्हणून वाट बघत बसली. डॉक्टरांकडे गेली तेव्हा तिसरा महिना लागला होता. "सगळ्या गोळ्या एकच गं," असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. शब्दांचा अर्थ सांगायला मी एवढी का धडपडते, ते तिला विचारा. पाळी चुकल्यावर आधी लघवीची तपासणी करायची असते. पट्टी मेडिकलमध्ये मिळते, आशाताईंकडेही मिळते.

"पिशवी कायमची निकामी होते." नाही होत. सरकारी माला-एनच्या पाकिटात 28 गोळ्या असतात, त्यातल्या 21 हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या. त्या बंद केल्या की बहुतेकींचं चक्र थोड्याच काळात पूर्ववत होतं. तांबी काढल्यावर तर लगेच दिवस राहू शकतात. अंतरा तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं असतं. ते थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागू शकतात आणि हे सुई टोचण्याआधी प्रत्येकीला सांगायलाच हवं. पाळणा लांबवायचा असेल तर पहिल्या मुलाआधीही ही साधनं वापरता येतात. पण कुठलंही औषध सरसकट सगळ्यांसाठी नसतं. रक्तदाब वाढलेला असेल, रक्ताच्या गुठळीचा त्रास झालेला असेल, पस्तिशीपुढे धूम्रपान असेल, बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पिणारं असेल, तर माला-एनसारख्या मिश्र हार्मोनच्या गोळ्या घेऊ नयेत. त्या मजकुराला खरंच काळजी असती, तर त्यात हे लिहिलं असतं.

"तांबी काळजापर्यंत चढते." पिशवीतून काळजाकडे जाणारा रस्ताच नाही. बसवताना ती पिशवीच्या भिंतीत रुतून पोटात गेली, असं क्वचित घडतं आणि मग ती काढावी लागते. त्याहून जास्त वेळा ती आपोआप खाली पडते, म्हणून तिला जोडलेला दोरा जागेवर आहे का, ते तपासायला शिकवतात. तांबी 380-ए दहा वर्षं चालते.

"पाश्चात्त्यांचं खूळ." हे वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण मराठी माणसाने तरी हे लिहू नये. 'संततिनियमन' म्हणजे किती मुलं आणि केव्हा, हे आपलं आपण ठरवणं. 1921 साली मेरी स्टोप्स या बाईंनी लंडनमध्ये त्याचं केंद्र उघडलं आणि त्याच वर्षी रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. या कामापायी त्यांची गणिताची प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, तरी 1927 पासून मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. 1938 साली आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला. 'संततिनियमन' म्हणजे किती मुलं आणि केव्हा, हे आपलं आपण ठरवणं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची, हार्मोन नसलेली 'सहेली' गोळी लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झाली. तीच आता आरोग्य केंद्रात 'छाया' नावाने मोफत मिळते.

राहिलं शेवटचं वाक्य, "सर्व भगिनींना पाठवा." भगिनींनाच का? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी 37.9 टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि नवऱ्याने नसबंदी केलेल्या होत्या 0.3 टक्के. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते, माणूस त्याच दिवशी घरी जातो. फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं. म्हणून माझं हे उत्तर मी भावांच्या, भावजींच्या आणि भाचेजावयांच्या ग्रुपवरही टाकलं आहे.